टाचेवर जोर द्या

"गेल्या वर्षी बाप ठोकून गेला, आता लेक आलीय ठोकायला. आणि जमीन? जमीन आहे तशीच बोंबलतेय!"

ही तक्रार माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर चालली होती. मधे फक्त एक फळी.

वरच्या मजल्याची लाकडी जमीन म्हणजेच खालच्या शिवणाच्या दुकानाचं छत, असं ते घर होतं. मी दुकानात शिडीवर चढून, मान दोन तुळयांच्या मधे घालून उभी होते. माझ्या भोवती अर्धवट शिवलेले कोट टांगलेले, आणि कानाला माझी काठी. हातभर लांबीची, गुळगुळीत, शिसवी. तिचं एक टोक लाकडाला टेकवायचं, दुसरं कानाला, की लाकूड पोटातलं बोलायला लागतं. माणसंही बोलतात, हे त्या दिवशी कळलं.

"आत्या, हळू. त्या खालीच आहेत, सगळं ऐकू जातं." हा आवाज पुरुषाचा होता, नुकताच मागच्या जिन्यानं वर आलेला, थोडा धापा टाकणारा.

"जाऊ दे की! ऐकण्याचंच तर काम करतात म्हणे ही माणसं. एवढीशी पोरगी, स्वतःच फळीसारखी सडपातळ..."

"आत्याबाई!" मी खालून ओरडले. "आहात तिथंच उभ्या राहा. अजिबात हलू नका. तुमच्या डाव्या टाचेखालीच आहे तो!"

वरची पावलं जागीच थिजली. मग आत्याबाईंचा दबका आवाज – "कोण आहे माझ्या टाचेखाली?"

"आवाज," मी म्हटलं.

आणि वर कुणीतरी हसलं. ते हसू काठीतून थेट माझ्या कानात उतरलं, लाकडातून गाळून आल्यासारखं... घट्ट आणि उबदार. त्या माणसाचा चेहरा मी अजून पाहिलेला नव्हता. खरं सांगते, पाहायची घाईही नव्हती. हसू पुरेसं होतं.

तो आत्याबाईंचा भाचा. खालचं दुकान त्याचं. सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि त्याच्या हातचा कोट अंगात घातला की वाकून चालणारी माणसंसुद्धा ताठ चालायला लागत.

"मास्तर," मी हाक मारली, "आत्याबाईंना बसू द्या. आता तुम्ही चाला. खिडकीपासून दारापर्यंत, एकेक फळी."

"चालू कसा? म्हणजे, नेहमीसारखा?"

"नेहमीसारखा. फक्त मी थांबा म्हटलं की थांबा, आणि टाचेवर जोर द्या."

तो चालायला लागला. माणसाच्या चालण्यातून बरंच काही कळतं. हा माणूस उजवा पाय जरा जपून टाकत होता – शिवणयंत्राच्या पायट्यावर दिवसभर ठेवून दमलेला असणार. आत्याबाईंच्या खुर्चीजवळ आला की आपोआप हलका व्हायचा. आणि वळताना एक पाऊल उगीच जास्त टाकायचा, लहान मुलं टाकतात तसं.

"थांबा. टाचेवर जोर."

करर्र.

"अजून एकदा."

करर्र.

"मिस्त्रीबाई," वरून आवाज आला, "एवढं लक्ष देऊन माझं चालणं आजवर कुणी ऐकलेलं नाही."

"तुमचं नाही ऐकत, फळीचं ऐकतेय."

"मग फळीला काय सांगू तुमच्याकडून?"

"सांगा, गप्प बसायला शिकवायला आलेय. चालवणाऱ्यालाही जमलं तर शिकवते."

पुन्हा ते हसू.

आता थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं. माझ्या वडिलांना सगळं गाव 'कानवाले मिस्त्री' म्हणायचं. वाजणारी जमीन दुरुस्त करणारे बरेच असतात. बहुतेक जण दिसेल तिथं खिळे ठोकतात. बाबा आधी ऐकायचे. उंबऱ्यावर उभं राहून, डोळे मिटून, घरातल्यांना नुसतं इकडून तिकडे चालायला लावायचे, आणि मग सरळ जाऊन एका जागी बोट ठेवायचे. ते बोट कधी चुकलं नाही. मी शाळेत होते तेव्हा माझी ओळख 'कानवाल्यांची मुलगी' अशीच होती, आणि मी ती मिरवत असे. दुसऱ्या कुणाच्या वडिलांच्या कानाला नाव होतं?

ती काठी त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती मला दिली. "घे, पटाशी," म्हणाले. माझी जीभ सुताराच्या पटाशीसारखी धारदार म्हणून घरात माझं हेच नाव. "मला आता हिची गरज नाही. कान पक्के झालेत माझे."

मला केवढा अभिमान वाटला होता. वाटलं, पोरीला वारसा दिला.

मास्तरांची जमीन बाबांनी गेल्या वर्षी केली होती. त्यानंतर ती जास्तच वाजायला लागली. आत्याबाई आमच्या कारखान्यात दोनदा येऊन गेल्या. बाबा एकदा गेले, या टोकाकडून त्या टोकाकडे चालून आले आणि म्हणाले, छान आहे की, कुठं वाजतेय? तिसऱ्यांदा आत्याबाई आल्या तेव्हा बाबा नव्हते. मी म्हटलं, गुरुवारी मी येते. गुरुवारी बाबा लाकडाच्या वखारीत असतात. हे मी बोलून गेले, आणि गुरुवारच का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

तर, त्या पहिल्या गुरुवारी, चौथ्या तुळईशी मला पाचरी दिसल्या.

तुळई आणि फळी यांच्यात फट पडली की फळी दबते, उठते आणि करकरते. मग त्या फटीत लाकडाची पातळ पाचर सरकवून ठोकायची. पण ठोकणं म्हणजे काय, तर ऐकणंच. सुरुवातीला हातोडीचा आवाज पोकळ येतो. पाचर भरली की तोच आवाज भरीव होतो. त्या क्षणी हात थांबला पाहिजे. एक घाव जास्त झाला, तर फळी उचलली जाते आणि शेजारच्या तीन फळ्या ओरडायला लागतात. हे मला बाबांनी शिकवलं, मी आठ वर्षांची असताना, माझा हात हातात धरून. "आता ऐक... आता ऐक... हां! बदलला बघ. थांब."

त्या पाचरी बाबांच्याच होत्या. इतकी एकसारखी, केसाइतकी निमुळती धार दुसऱ्या कुणाच्या हातची नसते. चारही पाचरी डोक्यापर्यंत आत ठोकलेल्या होत्या. एकीचं तर डोकं फुटून चुरा झाला होता; ती मी पकडीनं उपसून हातात घेतली.

आवाज बदलल्यावरही ठोकत राहिले होते ते. सात-आठ घाव तरी.

मी शिडीवरच उभी राहिले. काठी कानाला होती, पण काही ऐकू येत नव्हतं.

"मिस्त्रीबाई? चालू की थांबू?"

मी अजून पाचरच बघत होते, म्हणून तो खाली आला. गळ्यात मोजायची फीत, बोटांना खडू, कपाळावर एक टाचणी चिकटावी तशी बारीक आठी. मी तेव्हा त्याला पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहण्यासारख्या अवस्थेत नव्हते.

"काय झालं?"

"काही नाही. लाकडानं... ओल धरलीय."

त्यानं माझ्या हातातल्या पाचरीकडं पाहिलं. फुटलेल्या डोक्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं पाहिलं. 

"चहा ठेवतो," तो म्हणाला.

आमच्या घरात ते कुणी बोलत नसे. बाबांना काही सांगायचं झालं की आई आधी टेबलावर दोनदा हात आपटायची, जणू ती तिची सवयच. आणि मग समोर जाऊन सांगायची. एकदा जेवताना आई म्हणाली, "मीठ इकडे द्या," तर बाबा गंभीरपणे म्हणाले, "हो, उद्या पाऊस येईलसं वाटतंय." आम्ही दोघी हसलो. बाबांनी गंमत केली, असं ठरवून हसलो. तेही हसले. जगात इतका नीट ठरलेला विनोद दुसरा नसेल. तीन माणसं, आणि तिघांपैकी एकालाही तो आवडत नव्हता.

मी रागावतही नव्हते. कुणावर रागावणार? डोळ्यांना चष्मा लागला तर माणूस चष्मा लावतो. पण ज्याचं नावच कान आहे, त्यानं काय करायचं?

जमिनीचं काम खरं तर दोन गुरुवारांचं होतं. मी चार घेतले.

दुसऱ्या गुरुवारी मी बाबांच्या उरलेल्या पाचरीही काढून माझ्या पेटीत ठेवल्या आणि नवीन बसवल्या. वर जाऊन ढिले खिळे उपटले, त्यांच्या जागी स्क्रू पिळले. मग मास्तरांना म्हटलं, "खडू आहे का? तुमचा, कापडावर खूण करायचा. मोडके तुकडेही चालतील."

त्यानं डबाभर तुकडे आणले. मी ते कुटले आणि भुकटी फळ्यांच्या सांध्यात कुंच्यानं भरायला लागले. तो माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला.

"यानं काय होतं?"

"दोन फळ्या अंगाला अंग घासतात, म्हणून आवाज करतात. मधे भुकटी गेली की भांडण मिटतं."

"आत्याच्या आणि माझ्यामधे थोडी टाकाल?"

"ऐकू येतंय हं मला!" आत्याबाई खुर्चीतून म्हणाल्या. "आणि एका सांध्यात किती वेळ भुकटी भरणार आहात दोघं? एवढ्यात मी एक अख्खा मोजा विणला!"

आम्ही दोघं झटकन दोन बाजूंना सरकलो. तेव्हा दिसलं – माझ्या डाव्या मनगटावर त्याच्या खडूच्या बोटांचे ठसे उमटले होते. कुंचा देताना-घेताना लागले असतील. घरी जाऊन मी हात धुतले... उजवा नीट धुतला.

तिसऱ्या गुरुवारी पाऊस होता. पावसात लाकूड फुगतं, फटी मिटतात, वाजणारी जमीन शहाण्यासारखी गप्प बसते. म्हणजे ऐकायचं काम बंद. हे मला वयाच्या सहाव्या वर्षापासून माहीत आहे. तरी मी छत्री घेऊन गेले.

"आज तर काहीच वाजत नाही," तो दार उघडत म्हणाला.

"हो. तेच... तपासायला आले. वाजत नाही ना, ते."

"आणि?"

"नाही वाजत."

"मग आता?" तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की मी त्याच्या नजरेला नजर न देता छत्री मिटायला लागले. ती छत्री मिटायला मला बराच वेळ लागला.

त्या दिवशी त्यानं मला एक ॲप्रन दिला. जाड, करड्या कापडाचा. पटाशीसाठी लांब खिसा, स्क्रूंसाठी झाकणाचा, आणि ऐकायच्या काठीसाठी एक अरुंद, तिरका. पेन्सिलीचा खिसा उजवीकडे होता.

"बाकी सगळे डावीकडे लावतात," मी म्हटलं.

"बाकी सगळे उजव्या हाताचे असतात. तुम्ही डाव्या हातानं लिहिता. डावा हात समोरून आडवा आला की पेन्सिल सरळ मुठीत येते." तो थांबला. "बघितलं मी."

मी ॲप्रन बांधला. तो असा बसला, की जणू मी तो घालूनच जन्मले होते.

"बाजूच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवलीय, जादा कापड," तो फीत गळ्याभोवती गुंडाळत म्हणाला. "पुढं लागली तर उसवता येईल."

"पुढं म्हणजे कधी?"

"पुढं म्हणजे... पुढं."

(ती माया पुढं दोनदा उसवावी लागली, पण तो नंतरचा विषय.)

चौथ्या गुरुवारी काम संपलं. मी त्याला खिडकीपासून दारापर्यंत चालायला लावलं, मग आडवं, मग तिरकं. खालून ऐकत होते. एक फळी वाजली नाही. असा शांतपणा कानात साठवून ठेवावासा वाटतो, काम करणाऱ्यालाच कळेल. मी माझ्या कामावर खूश होते, अगदी फुगले होते म्हणा ना.

वरून तो म्हणाला, "मिस्त्रीबाई, आता तुम्ही यायच्या बंद होणार."

मी काठी कानाला तशीच धरून ठेवली.

"मी तुमच्या वडिलांना भेटायला येऊ का?" काठीतून आवाज आला. "बोलायचं आहे. तुमच्याबद्दल. आपल्याबद्दल... तुमची हरकत नसेल तर."

माझी हरकत नव्हती. माझं तर तोंड कान ते कान पसरलं होतं, बरं झालं वरून दिसत नव्हतं. पण दुसऱ्या क्षणी मला सगळं दिसलं. तो येणार. बाबा त्याला ओळखणार. जमीन कशी आहे विचारणार. मग कळणार, त्यांचं काम त्यांच्या मागं कुणी उसवून पुन्हा केलं. आणि का केलं.

मी खाली उतरले. तोही आला.

"नको," मी म्हटलं. "बाबांना नका भेटू. ते... कामात असतात."

"मी थांबेन. समोर बसून बोलेन, सावकाश. म्हणजे त्यांना..."

तो तिथंच थांबला. पण मला पुरेसं होतं. त्याला माहीत होतं. पहिल्या गुरुवारपासून माहीत होतं.

"म्हणजे त्यांना काय?" माझ्यातली पटाशी बाहेर आली. "तुम्हाला काय माहीत आहे माझ्या वडिलांबद्दल? या गावात अर्ध्या घरांत लोक निवांत चालतात ते त्यांच्यामुळं!"

"मी काहीच बोललो नाही."

"नकाच बोलू!"

मी ॲप्रन काढून त्याच्या टेबलावर टाकला आणि निघाले. रस्त्यात पोहोचल्यावर लक्षात आलं, की राग त्याचा आला नव्हता. त्यानं आमच्या घरात कुणी करत नव्हतं ते केलं होतं, बाबांशी बोलायचं कसं याचा विचार केला होता.

दोन दिवसांनी सकाळी मी कारखान्यात गेले, तर बाबा माझ्या पेटीशी उभे. पेन्सिल शोधत होते म्हणे. त्यांच्या तळहातावर चार पाचरी होत्या.

स्वतःच्या हातचं काम माणूस अंधारातही ओळखतो. त्यांनी फुटलेल्या डोक्यावरून अंगठा फिरवला. एकदा. दोनदा. मग पाचरी खिशात टाकल्या आणि टोपी घातली.

"चल."

"कुठं, बाबा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नव्हतं, त्यामुळं त्यांना ते कळलं नाही. पण उत्तर बरोबर आलं. "शिंप्याकडं."

आत्याबाईंनी दार उघडलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तक्रार न करता बाजूला सरकल्या. बाबांनी चपला काढल्या. अनवाणी, खिडकीपासून दारापर्यंत चालले. प्रत्येक फळीवर टाच रोवून. मग गुडघे टेकले आणि दोन्ही तळहात जमिनीवर पसरले.

"चाल," ते मला म्हणाले.

मी चालले. आजारी माणसाच्या छातीवर हात ठेवावा, तसे ते हात ठेवून बसले होते. मी शेवटच्या फळीपर्यंत गेले, परत आले. त्यांनी हात उचलले नाहीत.

मग आम्ही खाली दुकानात आलो. मास्तर कात्री हातात तशीच धरून उभा होता. बाबा शिडी चढले, चौथ्या तुळईशी गेले आणि माझ्या पाचरींवरून बोट फिरवलं. प्रत्येकीचं डोकं बोटभर बाहेर, शाबूत.

माझ्याकडं वळून विचारलं, "कुठं थांबलीस?"

"आवाज बदलला तिथं." मी त्यांच्या तोंडासमोर, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. असं मी पहिल्यांदाच बोलत होते.

त्यांनी शेवटच्या पाचरीवर बोट टेकवलं.

"बरोबर थांबलीस," म्हणाले.

खाली उतरले, आणि जिन्यावर उभ्या आत्याबाईंना, सगळं दुकान भरेल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "हे काम हिचं आहे बरं का. माझं नाही. माझं काढून हिनं केलंय. असं काम मलाही माझ्या ऐन भरात चार-दोनदाच जमलं असेल."

मी वरच्या फळ्यांकडं पाहायला लागले. माझ्या वडिलांनी असं कधी कुणासमोर म्हटलं नव्हतं. मान ताठ होती. तशी मान फक्त मास्तरचा कोट घातल्यावर होते असं लोक म्हणतात. मी काही कोट घातला नव्हता. खुंटीवर माझा ॲप्रन टांगलेला दिसला. इस्त्री केलेला. मी तो काढला आणि बांधला, गाठ मागून दोनदा मारली.

मास्तरनं ते पाहिलं. त्यानं कात्री खाली ठेवली.

तो बाबांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. समोर बसून सावकाश बोलेन म्हणाला होता, पण ऐन वेळी सगळं विसरला बिचारा. नजर जमिनीवर, हातात फीत, आणि आवाज इतका खोल गेलेला, की मी नेहमीसारखी काठी लावायला हवी होती.

"मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय," तो फितीला म्हणाला. "त्या हो म्हणत असतील तरच. त्यांना काम सोडायला मी कधी सांगणार नाही, उलट... त्या जमिनीखाली असतील तेव्हा वर मी चालेन. जन्मभर. तेवढं मला चांगलं जमतं."

तरी मला शब्दन् शब्द ऐकू आला. आत्याबाईंनाही, कारण त्यांनी डोळ्याला पदर लावला.

बाबा हसले. मान हलवली. ते ओळखीचं, जेवणाच्या टेबलावरचं, ठरलेलं हसू. आता ते पावसाचं काहीतरी बोलणार, आणि आम्ही सगळे हसणार, आणि पुन्हा...

पण त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली, आणि तिथंच थांबली. मग मास्तरच्या फीत पिळणाऱ्या, खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांवर गेली. पुन्हा माझ्याकडं आली. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी टोपी काढली, खिशातल्या चार पाचरी काढून कापायच्या टेबलावर एका ओळीत ठेवल्या, आणि खुर्ची ओढून, पाठ सरळ करून बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "इकडं समोर या. माझ्या पोरीबद्दलचं आहे, हे तिच्या तोंडावरून दिसतंय, आणि हे मला अर्धवट नको. पहिल्यापासून सांगा, आणि मोठ्यानं बोला."

त्यांनी मान वर केली.

"मला ऐकू येत नाही."